जजसाहेबांच्या काकडीला फुटलेला भोपळा

माझ्या बाबांनी एक्केचाळीस वर्षं वस्तरा चालवला आणि तेवढ्या काळात एकाही माणसाचा गळा कापला नाही. हीच आपली आयुष्याची कमाई, असं ते स्वतः सांगत. समोरचा हसला की म्हणत, "हसू नका. कापावासा वाटला नाही असं नाही. गिऱ्हाइकं फार बोलतात."

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं कटिंगचं दुकान होतं. लोक त्यांना सफाचटराव म्हणत. मागच्या वर्षी एका सोमवारी त्यांनी दुकानाला कुलूप ठोकलं, किल्ली मालकाला दिली आणि एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. कारण विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला. हल्लीची पोरं दाढी करायला येत नाहीत, दाढीत नक्षी काढून घ्यायला येतात. मी काय रांगोळीवाला आहे?"

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. एकटा माणूस किती दिवस काढणार, असं मला वाटलं आणि मी त्या कारणावर डोळे मिटून विश्वास ठेवला. डोळे मिटून हा शब्द मी मुद्दाम वापरलेला नाही, पण आता लिहिलाच आहे तर राहू दे.

पंधरा दिवसांत मला कळलं की वडिलांवर प्रेम असणं वेगळं आणि वडील दिवसभर घरात असणं वेगळं. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे "सोयीने" लावले. त्यामुळे चहात मीठ आणि आमटीत साखर पडू लागली. माझ्या नवऱ्याला धरून खुर्चीत बसवलं आणि त्याचे केस कापले. ते असे कापले की त्याच्या ऑफिसात लोक आठवडाभर त्याच्याशी हळू आवाजात, जपून बोलत होते. फक्त सकाळची वेळ चांगली जायची. बाबा चहा घेऊन बसायचे आणि पेपर माझ्यापुढे सरकवायचे. "तू वाच. तुझा आवाज अगदी तुझ्या आईसारखा गोड आहे." मग मी बातम्यांपासून निधनवार्तांपर्यंत सगळा पेपर मोठ्याने वाचायची. चाळिशी उलटलेल्या बाईला कोणी सहसा गोड म्हणत नाही. मला ते फार आवडायचं.

एका रविवारी नवरा म्हणाला, "त्यांना तुझ्या नर्सरीत घेऊन जा. नाहीतर मी नर्सरीत राहायला जातो."

माझी नर्सरी म्हणजे दोन पॉलिहाउस, एक पत्र्याची शेड आणि आठ बायका. आम्ही काकडीची कलमी रोपं करून विकतो. काकडी हे वरून टवटवीत आणि पायाने लेचंपेचं पीक. एकाच जमिनीत दोन-तीनदा लावली की मातीतला मर रोग मुळं धरतो आणि फळं लागलेली वेल एका आठवड्यात माना टाकते. भोपळ्याची मुळं त्या रोगाला भीक घालत नाहीत. म्हणून आम्ही खाली भोपळा ठेवतो आणि वर काकडी बसवतो. खालच्या भोपळ्याला म्हणायचं खुंट. माणसांतही अशी घरं असतात, पण तो विषय इथे नको.

यात खरी कसोटी खुंटाची. काकडी आधी पेरायची आणि भोपळा तीन दिवसांनी, कारण भोपळा आडदांड, उशिरा निघून पुढे जाणारा. कलमाच्या दिवशी दोघांचे देठ जाडीला जुळले पाहिजेत. भोपळा दोन दिवस जास्त वाढला की देठ आतून पोकळ होतो, मग त्यावर कलम बांधणं म्हणजे फुंकणीवर टोपी ठेवणं. जुळले, की भोपळ्याच्या पहिल्या दोन जाड पानांपैकी एक पान आणि मधला शेंडा एकाच तिरक्या कापात उडवायचा. काकडीचा देठ तसाच तिरका कापून त्यावर टेकवायचा, क्लिप लावायची आणि आठवडाभर दमट अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. त्या खोलीला आम्ही दवाखाना म्हणतो.

शेंडा म्हणजे पानाच्या बेचक्यात बसलेलं टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं काहीतरी. तेवढं राहिलं, तर डोक्यावर काकडी बसवली आहे हे भोपळा विसरतो आणि स्वतःचा संसार मांडतो.

ही सगळी करामत आमच्याकडे चिमटीबाई बघत. सतरा वर्षांचा अनुभव. नाव क्लिपांच्या चिमटीवरून पडलं, पण त्यांच्याशी एकदा बोललं की वेगळं कारणही सापडायचं.

पहिल्याच दिवशी बाबांनी खिशातून वस्तरा काढला. चिमटीबाईंनी तो दुरूनच पाहिला.

"यानं किती जणांच्या काखा काढल्यात?"

"मोजल्या नाहीत."

"मग ठेवा खिशात. माझी रोपं आजारी पडायला नकोत." आणि त्यांनी बाबांच्या हातात अर्धं ब्लेड ठेवलं.

बाबांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत भोपळ्याचा देठ धरला, अंगठा पानाच्या बुडाशी नेला आणि सर्रकन कापलं. काप तिरका आणि स्वच्छ होता. पुढचं रोप, त्याच्या पुढचं. दुपारपर्यंत आठही बायका आपलं काम सोडून बघत उभ्या होत्या. प्रेक्षक मिळाले की बाबांच्या अंगात येतं. त्यांनी मान वर केली, छताकडे बघत दहा रोपं कापली आणि म्हणाले, "देठाकडे काय बघायचं? देठ काय पळून जातो?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आठवड्यात ते तिघींचं काम एकटे उरकू लागले. मी खूश होते. घर शांत, नवरा शांत, कामाला वेग. चिमटीबाई मात्र दवाखान्यातून एक ट्रे घेऊन माझ्याकडे आल्या.

"ताई, हे बघा. शेंडा राहतोय. दहात तीन-चार ठिकाणी. कापायला वेगात कापतात, पण काप वरच्यावर जातो."

बाबा मागेच उभे होते. "बाई, मी जजसाहेबांची दाढी बावीस वर्षं केली. एक केस राहिला नाही. तुमच्या भोपळ्याला काय जजसाहेबांपेक्षा जास्त केस आहेत?"

"भोपळ्याची दाढी करायची नाहीये. मुंडकं उडवायचंय."

"तेही करून देतो, फक्त कोणाचं ते सांगा."

आता या ठिकाणी मी ट्रे उजेडात नेऊन बघायला हवा होता. टाचणीच्या डोक्याएवढी गोष्ट, पण चष्मा लावून पाहिली असती तर दिसली असती. मी काय केलं, तर माझ्या वडिलांना आठ बायकांसमोर खोटं पडू द्यायचं नाही असं ठरवलं. मी म्हणाले, "चिमटीबाई, हात नवा आहे, पण हात चांगला आहे. थोडं सांभाळून घ्या."

चिमटीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी सांभाळून घेते ताई, भोपळा नाही घेत." दुसऱ्या दिवसापासून त्या कलमाच्या टेबलावर बसल्या नाहीत. मागच्या शेडमध्ये जाऊन रिकामे ट्रे धुऊ लागल्या. सतरा वर्षांची कारागीर ट्रे धुतेय हे मला दिसत होतं. पण दिसतं ते सगळं बघायचं ठरवलं तर माणूस धंदा करू शकत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

त्याच महिन्यात जजसाहेबांची ऑर्डर आली. निवृत्त झाल्यावर डॉक्टरने त्यांना मन रमवायला सांगितलं, तर त्यांनी घरामागे पॉलिहाउसच बांधलं होतं. चोवीसशे रोपं हवी होती. बाबांना हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्या कोणाला ब्लेड लावू दिलं नाही. "माझं जुनं गिऱ्हाईक आहे. मीच करणार." चोवीसशेच्या चोवीसशे त्यांनी एकट्याने कापली. पाठवताना रोपं दृष्ट लागण्यासारखी दिसत होती.

तीन आठवड्यांनी जजसाहेब माझ्या ऑफिसात आले. हातात दोन पानं होती, दोन्हींना दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. एकावर "पुरावा १", दुसऱ्यावर "पुरावा २".

"बसा ना साहेब."

"उभाच बरा आहे. पुरावा एक, काकडीचं पान. पुरावा दोन, त्याच रोपाच्या बुडातून आलेलं पान. ताटाएवढं. बाई, मी कायदा शिकलोय, शेती नाही. पण ही दोन्ही पानं एका आईची नाहीत हे मला कळतं."

दुसरं पान भोपळ्याचं होतं. हिरवंगार, निरोगी, माजलेलं.

"अशी किती रोपं आहेत?"

"मी नऊशे बारापर्यंत मोजली. मग रक्तदाब वाढला म्हणून थांबलो."

बाबांना घेऊन मी जजसाहेबांच्या मागोमाग त्यांच्या पॉलिहाउसवर गेले. गाडीत बाबा सारखे म्हणत होते, "माझ्या हातून असं व्हायचं नाही. बी भेसळीचं असणार. नाहीतर त्या बाईने दवाखान्यात काहीतरी केलं असणार." यातला दुसरा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

आत दोऱ्यांवर चढवलेल्या ओळीच्या ओळी. वर काकडीच्या नाजूक वेली केविलवाण्या दिसत होत्या आणि खाली भोपळ्याने पाय पसरले होते. पाहुणा म्हणून यावं आणि पलंगावर झोपावं, तसे.

"उजवीकडची तिसरी ओळ," जजसाहेब म्हणाले. "पाहा सफाचटराव, तुमची कला."

बाबा वाकले. "कुठाय भोपळा? मला तर कुठे दिसत नाही."

खरं म्हणजे ते पान त्यांच्या नाकाला लागत होतं. त्यांनी हात पुढे केला, तो पानाच्या वीतभर पलीकडे हवेत थांबला. मग हळूहळू मागे येत बोटं पानावर टेकली. बोटं देठावरून खाली उतरली, क्लिपेपाशी थांबली, आणि बाबांचा चेहरा बदलला. दिसलं त्यांना काहीच नव्हतं. कळलं मात्र त्याच क्षणी.

मी पर्समध्ये हात घातला, जे आलं ते बाहेर काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "बाबा, हे पाकीट बघा बरं. हेच बी होतं ना?"

त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ धरलं. "हेच. खुंटाच्या भोपळ्याचं. तूच आणलेलंस."

"बाबा, या खोकल्याच्या गोळ्या आहेत."

ठिबकच्या नळीतून कुठेतरी पाणी गळत होतं. मग बाबांनी ते पाकीट व्यवस्थित दुमडून मला परत दिलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"तीनेक वर्षं. आधी धुकं यायचं, मग धुकं गेलंच नाही. आता माणूस आहे की कपाट आहे, एवढं कळतं. माणूस बोलतो."

"आणि दुकान?"

"दाढीला डोळे लागत नाहीत गं, नक्षीला लागतात. डाव्या हाताने कातडी ताणायची, बोटांना खुंट लागतात, वस्तऱ्याचा आवाज बदलतो. तिथे केस राहिला की बोटाला सांगतोच. केसांना शेंडा नसतो, हा भोपळा मात्र..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

जजसाहेब सावकाश पुढे आले. "म्हणजे दोन वर्षं मी एका आंधळ्या माणसाच्या वस्तऱ्याखाली मान ठेवून झोपत होतो?"

"झोपत नव्हतात साहेब. तुम्ही निकाल सांगत होतात."

"आणि माझे कल्ले?"

बाबा खाली बघू लागले. "कल्ल्यांना जरा नजर लागते. दोन्ही बाजू एकदम हाताला येत नाहीत."

"सफाचटराव, आरशात माझं डोकं डावीकडे कललेलं दिसतं म्हणून मी मानेच्या डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने मला पट्टा दिला. चार महिने मी मानेला पट्टा बांधून हिंडत होतो."

"पट्टा होता तेव्हा दाढी करायला फार त्रास झाला," बाबा प्रांजळपणे म्हणाले.

जजसाहेबांचा चेहरा लाल झाला, आणि मला वाटलं आता हे संपलं. पण ते खाली ठेवलेल्या पाण्याच्या डब्यावर बसले आणि हसू लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि माझ्या खोकल्याच्या गोळ्यांचा एकदाचा उपयोग झाला. शांत झाल्यावर म्हणाले, "आठ दिवसांची स्थगिती देतो. आठ दिवसांत माझी काकडी काकडीसारखी दिसली पाहिजे. नाहीतर रोपं उपटून तुमच्या दारात टाकीन, आणि कल्ल्यांचा वेगळा विचार करीन."

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली नाही.

"सांगितलं का नाहीत?"

"कोणाला सांगू? आंधळ्या न्हाव्यासमोर कोण गळा धरणार? एकदा कळलं की लोक हातातली वस्तू काढून घेतात. आधी वस्तरा काढतील, मग सुरी, मग चहाचा कप. मग म्हणतील, तुम्ही बसून राहा. मला बसून राहता येत नाही."

त्यांचं बोलणं मला कळत होतं. पण माझ्या डोक्यात भलतीच एक गोष्ट अडकली होती आणि ती विचारल्याशिवाय राहवेना. "आणि पेपर? रोज सकाळी मला वाचायला लावायचात ते? आईसारखा आवाज वगैरे? ते सगळं डोळे दिसत नाहीत म्हणूनच ना?"

ते माझ्या दिशेने वळले. नेमके माझ्याकडे नाही, जरा आरशाकडे. "खरं सांगू? आवाज तुझा आईसारखा नाहीच. आई गोड बोलायची. तू निधनवार्ता अशी वाचतेस की मेलेला माणूस दचकेल."

मला रडू येत होतं, त्यात हसू मिसळलं आणि नाकातून विचित्र आवाज निघाला.

"पण सकाळी कोणीतरी जवळ बसून बोलतंय," ते पुढे म्हणाले, "त्यासाठी डोळे गेले नसते तरी मी काहीतरी बहाणा शोधलाच असता."

मी गाडी सुरू केली.

चिमटीबाईंकडे जाणं जास्त अवघड होतं. त्या मागच्या शेडमध्ये पाण्यात हात घालून बसल्या होत्या. मी म्हणाले, "चिमटीबाई, चूक माझी होती. तुम्ही ट्रे आणून दाखवलात आणि मी बघितला नाही."

"हं," त्या म्हणाल्या आणि आणखी एक ट्रे धुतला.

"बाबांना दिसत नाही. आजच कळलं."

त्यांचा हात थांबला. "अजिबात?"

"जवळजवळ."

"आणि त्या डोळ्यांनी दहात सहा बरोबर कापले?" त्यांनी हात पुसले. "आमच्यातल्या दोघींचे डोळस असून पाचच होतात. येते मी. पण त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायचं, शेंडा राहिला होता."

बाबा शेडच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "शेंडा राहिला होता. बाईंचं बरोबर होतं. जजसाहेबांचे कल्लेही वाकडे होते. आणखी कोणाचं काही असेल तर रांगेत या."

उपाय एकच होता. चोवीसशे रोपांच्या बुडाशी जाऊन, क्लिपेच्या खालून फुटलेला भोपळ्याचा प्रत्येक फुटवा मुळापासून खुडायचा. वरच्यावर तोडला तर चार दिवसांत परत येतो. आम्ही सगळ्याजणी जजसाहेबांच्या पॉलिहाउसमध्ये उतरलो. वाकायचं, पानं बाजूला सारायची, कोणती पानं कोणाची ते ओळखायचं, तासाभरात कंबर कामातून जायची. बाबा मात्र जमिनीवर बसून सरकत होते. हात खाली गेला की झालं. "भोपळ्याचा देठ जाड आणि काटेरी, काकडीचा बारीक. ही दाढी दोन दिवसांची, ही चार दिवसांची. यात काय बघायचंय?" त्यांचं बोट थेट बेचक्यात जायचं आणि फुटवा बुडासकट बाहेर यायचा. पहिल्या दिवशी चिमटीबाई त्यांच्या मागून प्रत्येक रोप तपासत गेल्या. दुसऱ्या दिवशी दहातलं एक तपासलं. तिसऱ्या दिवशी त्या पुढच्या ओळीत निघून गेल्या.

जजसाहेब खुर्ची टाकून बसत आणि शंका आलेल्या रोपांचा निवाडा करत. दोनदा त्यांनी काकडीलाच दोषी ठरवून खुडायला लावलं. तिसऱ्यांदा चिमटीबाई म्हणाल्या, "साहेब, वरच्या कोर्टात मी आहे." त्यानंतर ते फक्त चहा मागवत.

सहा दिवसांत काम संपलं. साठ-सत्तर रोपं वाया गेली, ती आम्ही बदलून दिली. बाकीच्यांना खालून सगळं बळ मिळू लागलं आणि पुढच्या महिन्यात काकड्या अशा लागल्या की जजसाहेब ओळखीच्या आणि अनोळखी प्रत्येकाला काकडी वाटत सुटले. लोक त्यांना बघून रस्ता बदलू लागले.

सातव्या दिवशी मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. इतका पिकलेला मी फार दिवसांनी पाहिला."

बाबा माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "ऐकलंस?"

"अर्ध्या तासाचं काम आहे एका डोळ्याचं," डॉक्टर म्हणाल्या. "तीन वर्षं कशाला थांबलात?"

याचं उत्तर बाबांनी परत येताना दिलं. "मला वाटलं होतं, हे आता असंच असतं. विचारलं आणि त्यांनी 'काही होणार नाही' म्हटलं असतं तर? न विचारता निदान थोडी आशा तरी राहते."

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी प्रथम माझ्या नवऱ्याला पाहिलं. बराच वेळ.

"जावईबापू, हे केस कोणी कापले?"

"तुम्हीच."

"मग केस बरोबर आहेत. डोकंच वाकडं असणार."

मग माझ्याकडे वळले. हात पुढे करून माझ्या कानामागचे पांढरे केस बोटाने मागे सारले. "हे कधी झालं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही घरी राहायला आलात त्या आठवड्यात." त्यांना ते आवडलं.

दुसराही डोळा झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता ते ब्लेड मागतील. त्यांनी मागितलंही. चिमटीबाईंनी दिलं. बाबांनी भोपळ्याचं रोप धरलं, शेंडा स्वच्छ दिसला आणि देठापाशी नेलेलं ब्लेड त्यांनी मागे घेतलं. दुसरं धरलं, तेच. "आता दिसतो ना," ते ब्लेड खाली ठेवत म्हणाले, "म्हणून भीती वाटते. तेव्हा माहीतच नव्हतं काय कापतोय."

चिमटीबाईंनी थट्टा केली नाही. त्यांना घेऊन त्या खुंटाच्या खोलीत गेल्या. "मग हे सांभाळा. कापणारी माणसं मिळतात. खुंट नीट वाढवणारं माणूस मिळत नाही."

तेव्हापासून भोपळा बाबांकडे आहे. बी आडवं ठेवायचं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, सगळ्या कप्प्यांत एकसारखं. उगवताना काही रोपं बियांचं टरफल डोक्यावर टोपीसारखं घेऊन येतात आणि त्यात पानं अडकून बसतात. बाबा सकाळी प्रत्येक ट्रेवरून फिरत ओल्या बोटाने त्या टोप्या काढतात आणि सोबत शिव्या देतात. कलमाच्या आदल्या दिवशी पाणी कमी करायचं, नाहीतर कापलेल्या देठातून रस उसळतो आणि काकडी घसरते. हे त्यांना चिमटीबाईंनी सांगितलं. आता ते चिमटीबाईंना सांगतात.

थंडी पडली तेव्हा एक मोठी खेप होती, अठराशे रोपांची. भोपळा गारठून बसला, काकडी पुढे निघाली. चिमटीबाई ट्रे न्यायला आल्या.

"दोन दिवस थांबा," बाबा दारात उभे राहून म्हणाले.

"दोन दिवसांत माझी काकडी हाताबाहेर जाईल."

"तुमची काकडी तुम्ही आवरा. माझी पोरं अजून बारीक आहेत. अशा पायावर मी कोणाला बसू देणार नाही."

"पोरं?"

"तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा."

दीड दिवसावर तडजोड झाली. चिमटीबाईंनी काकडीचं पाणी तोडलं आणि ती गार बाजूला सरकवली. बाबांनी खुंटाच्या खोलीत हीटर लावला आणि त्याच्याजवळ खुर्ची टाकून राखणदारासारखे बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकेक ट्रे स्वतःच्या हाताने टेबलावर आणून ठेवत होते आणि चिमटीबाई कापत होत्या. दोघंही एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. त्या दोघांच्या बाबतीत हे चांगलं लक्षण असतं.

दहाव्या दिवशी मोजलं. अठराशेपैकी सतराशे बेचाळीस रोपं धरली होती. एवढा आकडा आमच्या नर्सरीत थंडीत कधी आला नव्हता. चिमटीबाईंनी तो शेडमधल्या फळ्यावर खडूने मोठा लिहिला. मग त्याखाली नाव कोणाचं लिहायचं, कापणाऱ्याचं की खुंट वाढवणाऱ्याचं, यावरून तासभर भांडण झालं. शेवटी मी खडू घेतला आणि नर्सरीचं नाव लिहून टाकलं. दोघांनाही ते अजिबात पटलं नाही, आणि त्या दिवशी दोघंही मला सोडून एकमेकांसोबत जेवायला बसले.